वेदीपुढची मातृभाषा

बीगल बे या जुन्या मिशन-गावातल्या चर्चमध्ये पहिल्यांदा गुडघे टेकले, तेव्हा डोळे मिटवेनात. सगळी वेदी मोत्याच्या शिंपल्यांनी आणि कवड्यांनी मढवलेली. मी मूळची वसईची, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम शहरात नर्स आहे. आमच्या किनाऱ्यावर जुन्या बांधकामाला शिंपले भाजून चुना करत. इथेही तेच केले. साठेक हजार विटा जागेवरच पाडल्या. पॅलोटाइन धर्मबंधूंबरोबर न्यूलन्यूल आणि आसपासचे आदिवासी राबले आणि १९१८ साली चर्च उभे राहिले.

ब्रूमहून बीगल बेपर्यंतची सव्वाशे किलोमीटरची वाट पूर्वी तांबड्या पिंडन मातीची होती. २०२० मध्ये डांबरीकरण पुरे झाले आणि गाड्या वाढल्या. पर्थ-मेलबर्नला मुलांकडे आलेली आपली माणसेही येतात, वेदीचा फोटो काढतात आणि केप लेव्हेकच्या तांबड्या कड्यांकडे निघतात.

त्यांना मी एवढेच सांगेन : या वेदीपुढे कोणाची लेकरे आणून बसवली, तेही विचारा. १९०५ च्या कायद्याने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी मुलाचे पालकत्व एका सरकारी अधिकाऱ्याकडे गेले, आईबाप हयात असताना. साऱ्या किंबर्ली प्रदेशातून मुले उचलून इथे मिशनमध्ये आणली गेली. २००८ मध्ये पंतप्रधान केविन रड यांनी अशा उचलून नेलेल्या मुलांची संसदेत माफी मागितली. ती ऐकायला कितीतरी आया उरल्या नव्हत्या.

माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या वयस्कर बायांना इथे आदराने ‘आंटी’ म्हणतात. मिशनच्या भट्टीतला पाव, सिस्टरांनी शिकवलेले शिवणकाम आठवून त्या हसतात. आईचा विषय निघाला की गप्प होतात. तरी चर्च त्यांचेच आहे. बाप्तिस्मा, लग्न, माती, सगळे तिथेच. म्हणून बाहेरच्याने मिशनला सरसकट थोर किंवा सरसकट वाईट ठरवू नये. तो निवाडा त्यांचा.

भाषेबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. १९३० च्या दशकात हरमन नेकेस आणि अर्नेस्ट वर्म्स या पाद्र्यांनी इथल्या बोली कष्टाने टिपून ठेवल्या. शब्द वहीत राहिले, पोरांच्या तोंडून गेले. आज न्यूलन्यूल भाषेत सहज बोलत वाढलेली पिढी उरलेली नाही. सरकारने ज्या निश्चयाने रस्ता पुरा केला, त्याच निश्चयाने इथल्या भाषेच्या वर्गाला दरवर्षी पैसा द्यावा. त्यासाठी गावाला अर्ज घेऊन फिरायला लावू नये. वर्गात काय शिकवायचे, ते गावानेच ठरवावे.

माझी आजी रोजरी मराठीत म्हणायची. मीही त्या वेदीपुढे मराठीतच पुटपुटते. शेजारी बसलेल्या आंटीला आपल्या आईच्या बोलीतली प्रार्थना येत नाही. तिच्या नातीला तरी यावी.