डेंग्यूची लस आणि प्रतिकारशक्तीचा तोल

डेंग्यू प्रतिबंधक लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीला १४ ऑगस्ट २०२४ रोजी हरियाणातील रोहतक येथे प्रारंभ झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि पॅनासिया बायोटेक ही कंपनी यांनी संयुक्तपणे हाती घेतलेल्या या चाचणीसाठी १८ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १९ केंद्रे आणि दहा हजारांहून अधिक निरोगी प्रौढ व्यक्ती निश्चित करण्यात आल्या. लस टोचल्यानंतर दोन वर्षे या व्यक्तींच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले जाणार, असेही तेव्हा जाहीर झाले. २०२३ या एका वर्षात देशात डेंग्यूचे २ लाख ८९ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४८५ मृत्यू नोंदले गेले होते. हे पाहता, लशीला इतका विलंब का, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर विषाणूपेक्षा मानवी प्रतिकारशक्तीच्या वर्तनात अधिक आहे.

डेंग्यूचा विषाणू चार प्रकारचा असतो. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेल्यास त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. उर्वरित तीन प्रकारांपासून मात्र ते काही महिनेच टिकते. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग झाल्यास आजार गंभीर होण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा वाढतो. देवी किंवा गोवर यांच्या अनुभवावरून बनलेल्या सर्वसाधारण समजुतीच्या हे नेमके उलट आहे.

अमेरिकी शास्त्रज्ञ स्कॉट हॅलस्टेड यांनी १९६०च्या दशकात बँकॉकमधील बालरुग्णांच्या अभ्यासातून याची उकल सुरू केली. पहिल्या संसर्गात तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला ओळखतात, त्याला चिकटतात, पण निष्प्रभ करू शकत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेले पाहून काही पांढऱ्या पेशी विषाणूला गिळतात आणि तो त्यांच्याच आत वाढू लागतो. पहारेकऱ्याने चोराला हात धरून घरात आणावे, तसा हा प्रकार.

क्युबातील घटनांनी या सिद्धान्ताला बळ दिले. तेथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची आली, तेव्हा ३ लाख ४४ हजारांवर लोक आजारी पडले आणि १५८ जण दगावले. १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबा शहरात दुसरा प्रकार पुन्हा शिरला, तेव्हा गंभीर आजारी झालेले जवळजवळ सर्व रुग्ण प्रौढ होते. वीस वर्षांपूर्वीच्या संसर्गाची आठवण शरीराने पुसली नव्हती. निकाराग्वातील बालकांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने यात महत्त्वाची भर घातली. प्रतिपिंडांचे प्रमाण भरपूर असेल तर संरक्षण मिळते. धोका सर्वाधिक असतो तो मध्यम प्रमाणात.

रुग्णालयातील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. डेंग्यूचा रुग्ण बहुधा ताप उतरताना अत्यवस्थ होतो, चढताना नव्हे. त्या वेळी रक्तातील विषाणू घटत असतो. पण प्रतिकारपेशींनी सोडलेल्या दाहजनक रसायनांमुळे, तसेच विषाणूच्या एका प्रथिनामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन रक्तद्रव बाहेर झिरपू लागतो. म्हणून योग्य वेळी, योग्य प्रमाणात दिलेले द्रव हाच आजही उपचाराचा कणा आहे. दर पावसाळ्यात ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणत विकल्या जाणाऱ्या काढ्यांना हे ठाऊक नसावे. प्रतिकारशक्ती दडपून पाहण्याचा मार्गही सोपा ठरलेला नाही. व्हिएतनाममध्ये रुग्णांना आजाराच्या आरंभी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊन पाहण्यात आले. त्याचा लाभ दिसला नाही.

लशीपुढील अडचण येथेच आहे. लस म्हणजे शरीराला करून दिलेली विषाणूची ओळख. ती चारही प्रकारांबाबत सारखी पक्की झाली नाही, तर लसच पहिल्या संसर्गाची जागा घेऊ शकते. फिलिपिन्समध्ये हेच घडले. सनोफी कंपनीची डेंगव्हॅक्सिया ही लस एप्रिल २०१६ पासून तेथील आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना देण्यात आली. ज्यांना पूर्वी कधीही डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो, असे कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. मोहीम थांबली, पालक हादरले आणि इतर लशींवरील विश्वासही ढासळला. २०१९ मध्ये त्या देशात गोवराची मोठी साथ आली, तिच्यामागील कारणांत हेही एक मानले जाते. रक्ततपासणीअंती पूर्वीचा संसर्ग सिद्ध झालेल्यांनाच ही लस देणे श्रेयस्कर, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घेतली.

भारतात चाचणी होत असलेली ‘डेंगीऑल’ वेगळी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी दुर्बल केलेल्या चार विषाणूंवर ती आधारलेली असून ब्राझीलमधील बुटान्टान संस्थेची लसही त्याच विषाणूंपासून बनली आहे. त्या लशीच्या १६ हजारांहून अधिक व्यक्तींवरील चाचणीत, पूर्वी संसर्ग न झालेल्यांमध्येही दोन वर्षांत सुमारे ७४ टक्के संरक्षण आढळले. हा निष्कर्ष दिलासादायक आहे. मात्र त्या काळात चाचणीतील व्यक्तींमध्ये तिसरा व चौथा प्रकार आढळलाच नाही, त्यामुळे त्यांच्याविरुद्धची परीक्षा तेव्हा झाली नाही.

भारतात चारही प्रकार फिरत असतात. त्यामुळे येथील चाचणीचे मोल मोठे. पण तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणानुसार १८ ते ४५ वयोगटातील ५६ टक्के लोकांना डेंग्यूचा संसर्ग होऊन गेला होता. पाच ते आठ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २८ टक्के होते. दक्षिणेत एकूण प्रमाण ७७ टक्के, तर ईशान्य भारतात अवघे ५ टक्के होते. म्हणजे प्रौढांवर यशस्वी ठरलेली लस चेन्नईतील कामगाराला उपयुक्त असली, तरी तीच शिलाँगच्या पहिलीतील मुलाला निर्धास्तपणे देता येईल, असे त्यावरून म्हणता येणार नाही. चाचणीचे निष्कर्ष जाहीर होतील तेव्हा एकूण टक्केवारीपेक्षा, पूर्वी संसर्ग न झालेल्यांची आकडेवारी चारही प्रकारांसाठी स्वतंत्रपणे मांडली आहे काय, हे आधी पाहावे लागेल. बालकांवरील चाचणीचा प्रश्न त्यानंतरही उरतोच.