कासवाचे घर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा मुंबईचा मामेभाऊ आमच्याकडे कुणकेश्वरला आला, तो बुटांच्या खोक्यात एक पाहुणा घेऊनच. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले, तळहातावर मावेल एवढे कासवाचे पिल्लू! घरात कासव असले की लक्ष्मी येते, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. आल्याआल्या त्याने विचारले, "दादा, याला खायला काय घालायचं आणि ठेवायचं कुठे?" समुद्रकाठच्या माणसाला कासवाचे सगळे ठाऊक असणार, ही त्याची समजूत.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र एक निळी बादली उभी राहिली. मी चौथीत असताना आमच्या पुळणीवर मला समुद्री कासवाचे एक चुकार पिल्लू सापडले होते. ते मी घरी आणले, बादलीत विहिरीचे पाणी भरले आणि भाताची शिते टाकली. आजी म्हणाली, "अरे, ता दर्याचा पोर, तेका दर्यात सोड." मी ऐकले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू निपचित तरंगत होते. शिते तशीच बुडाशी होती.

पुढे वाचनातून कळले की, ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लाला पहिले काही दिवस अन्नाची गरजच नसते. अंड्यातील बलक त्याच्या पोटात शिल्लक असतो आणि त्या शिदोरीवर ते खोल समुद्र गाठते. मी त्याला उपाशी मारले नव्हते, वाट अडवून मारले होते.

भावाचे चांदणी कासव तर पाण्यातले नव्हेच. ते गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेच्या कोरड्या माळरानांचे, काटेरी झुडपांतले. गवत, पाने, फुले हा त्याचा आहार. त्याला ऊन हवे, चुना हवा, फिरायला जमीन हवी. नाहीतर पाठ मऊ पडते, वाकडी वाढते. दूधभात आणि प्लास्टिकचे टब यांनी त्याचे भागत नाही. नीट जगले तर ते कित्येक दशके जगते. आपल्यापैकी कितीजण एवढ्या वर्षांची हमी देतील?

आणि हमी दिली तरी काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पाळणे गुन्हा आहे. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही जवळजवळ संपूर्ण बंदी आली. लक्ष्मी येते ती ते विकणाऱ्याच्या घरी!

काहीजण म्हणतील, बाहेर कावळे-कुत्रे टपलेले असतात, घरात निदान जीव तरी सुरक्षित राहतो. ही शंका प्रामाणिक आहे. पण तिचे उत्तर वेळासच्या लोकांनी केव्हाच दिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील त्या गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि ग्रामस्थांनी कासवाची अंडी कुंपणात जपली. जपली ती अंडी. पिल्ले बाहेर येताच ती समुद्राकडे सोडली. आपल्या देवगड तालुक्यातही तांबळडेगच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात. माया करावी ती अशी, हात राखून.

मित्रहो, देवळात शिरताना आपण नंदीबरोबर दगडी कासवालाही हात लावून नमस्कार करतो. त्याच देवाच्या दारापुढच्या पुळणीचे आपण काय करतो? महाशिवरात्रीची यात्रा नेमकी कासवांच्या विणीच्या हंगामात येते. पिल्ले रात्री उजेडाच्या दिशेने धावतात; लखलखत्या दिव्यांनी ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. यात्रा जोमात व्हावी, पण यात्रा सरल्यावर पुळणीकडे तोंड केलेले दिवे मालवायला काय हरकत आहे?

भावाचे पिल्लू आम्ही रानात सोडले नाही, कारण कोकण हे त्याचे रान नव्हे. ते वनखात्याच्या स्वाधीन केले. परतताना तो हिरमुसला होता. "दादा, मी त्याला रोज काकडी दिली असती रे," तो म्हणाला. मी काय बोलणार? मीही एकदा भाताची शिते दिलीच होती.