पुराच्या पाण्यातली डिस्क



ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईने सांगली, पलूस, वाळवा भागातल्या कितीतरी घरांचे उंबरे ओलांडले. जुलै २०२१ मध्ये सांगलीकरांनी आणि कराड-पाटणकडच्या मंडळींनी पुन्हा तेच पाहिले. पाणी ओसरल्यावर भिंतीचा चिखल धुऊन निघाला. पण ओळखीच्या एका घरात चिखलात संगणक सापडला. त्यात सातबारा होता, लेकीच्या लग्नाचे फोटो होते आणि वारलेल्या आईचा हुरड्याच्या दिवशीचा एकुलता एक फोटो होता.

पोराने डिस्क उन्हात वाळवली आणि वीज लावली. आतून टक् टक् आवाज आला. बंद केली, पुन्हा लावली, असे दहा वेळा केले. शेवटी पुण्याच्या कारागिराने सांगितले, "तबकडीला ओरखडे पडलेत, आता काही निघायचे नाही."

असे का होते? डिस्कमध्ये आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. वाचणारे टोक तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर ते तरंगते. तिथे गाळाचा कण म्हणजे जात्यात खडा!

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. टक् टक् आवाज आला की वीज तोडा आणि पुन्हा लावून बघू नका. पुरात भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नका, तांदळातही पुरू नका. गाळ वाळला की तबकडीला चिकटून बसतो. ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या जाणकाराकडे लवकर पोचवा. घरी स्क्रू काढू नका. खर्च किती आणि काही निघाले नाही तर किती द्यायचे, हे आधीच विचारून घ्या. हा खर्च हजारांत जातो.

तोवर दुसऱ्या वाटाही शोधा. सातबारा आणि आठ-अ शासनाच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतात. लग्नाचे फोटो पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये असतात, त्यांना मागा. पण आईचा तो फोटो कोणत्याच कचेरीत मिळत नाही.

बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. तसेच फोटो आणि कागद दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत घरात राहू द्या. दुसरी वेगळ्या डिस्कवर घेऊन आटपाडी, जत किंवा माणकडच्या पाहुण्यांकडे द्या. त्यांच्याकडे पाऊस कमी, हे एरवी त्यांचे दुःख. पण तुमची डिस्क तिथे कोरडी राहील. दर दिवाळीला ती मागवा, चालते का पाहा आणि नवे फोटो भरून परत द्या.

घरात म्हाताऱ्या माणसांचे फोटो असतील, तर पुढचा पावसाळा यायच्या आत हे काम उरकून घ्या.