परी तलावाची अदृश्य नदी

आपल्या बेटाच्या नकाशावरील नद्यांची नावे बहुतांशी फ्रेंचांची आहेत. रिव्हिएर न्वार म्हणजे काळी नदी, ग्रां रिव्हिएर म्हणजे मोठी नदी. परंतु एका नदीचे नाव आपल्या आजे-पणजांच्या तोंडी होते, आणि ती कोणत्याही नकाशावर सापडत नाही. ती जान्हवी.

सावान जिल्ह्यातील ग्रां बासें हा मृत ज्वालामुखीच्या मुखात साचलेला तलाव, समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फूट उंच. १८९७ साली त्रिओले गावच्या झुम्मन गिरी गोसाईं यांना स्वप्नात दिसले की, या तलावाचे जल जान्हवीतून येते. १८९८ च्या महाशिवरात्रीस यात्रेकरू पायी तेथे गेले. स्वप्नात गंगेचे नेमके हेच नाव यावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. यज्ञभूमी बुडविली म्हणून जन्हू ऋषींनी गंगा प्राशन केली व पुढे कानावाटे सोडून दिली. म्हणून ती त्यांची कन्या जान्हवी. दिसेनाशी होऊन अन्यत्र प्रकटणाऱ्या प्रवाहाचे ते नाव आहे. काळे पाणी ओलांडून आलेल्या मजुरांस ते परके कसे वाटावे?

रत्नागिरीकडून आलेल्या आपल्या पूर्वजांच्या मुलखात तर राजापूरची गंगा आहेच. साधारण तीन वर्षांनी तेथील चौदा कुंडे भूगर्भातील पाण्याने भरतात, काही काळाने आटतात, आणि सारा गाव म्हणतो, "गंगा आली", "गंगा गेली".

मुले विचारतात, "गुरुजी, जान्हवी वाहते कोठून?" भूगोलाच्या तासाला मी सांगतो की, तलाव भरतो तो पावसाने, मध्य पठारावर वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. जान्हवीची कथा मी दुसऱ्या तासाला सांगतो. दोहोंची सरमिसळ करणे मला शिक्षकास शोभणारे वाटत नाही, आणि कथेस हसणे त्याहूनही नाही.

१९७२ साली गोमुखाचे जल आणून या तलावात मिसळण्यात आले, आणि 'गंगा तलाव' हे नाव रूढ झाले. ते योग्यच झाले. मात्र रात्री येथे पऱ्या नाचतात या लोककथेवरून जुन्या यात्रेकरूंच्या मुखी असलेले 'परी तलाव' हे नाव मुलांच्या कानी क्वचितच पडते. ते ना कोण्या सरकारने दिले, ना पंडिताने. म्हणून फळ्यावर मी तिन्ही नावे लिहितो, आणि परी तलाव मधोमध.