पहिला क्रमांक किल्विषचा नव्हे

१/ ‘शक्तिमान’ मालिकेतील खलनायकांची क्रमवारी लावण्याचा उद्योग समाजमाध्यमांवर अधूनमधून होत असतो, आणि प्रत्येक वेळी तमराज किल्विष बिनविरोध पहिला निवडून येतो. हा निकाल स्मरणरंजनाचा आहे, इतिहासाचा नाही. पहिला मान डॉ. जॅकलचा आहे. तो का, हे बारामती-इंदापूरच्या मातीत उभे राहून पाहिले की अधिक स्वच्छ दिसते.

२/ आधी नोंदी. १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका २००५ पर्यंत चालली. दिग्दर्शन दिनकर जानी यांचे. नायक आणि निर्माते मुकेश खन्ना. पुढे रविवारी दुपारी बाराची वेळ रूढ झाली, तेव्हा नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ज्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्या घरच्या ओसरीवर अर्धी आळी जमे. भडक पोशाख, पुठ्ठ्याच्या वाटाव्यात अशा गुहा, गरगर फिरत येणारा नायक. हे सारे हास्यास्पद होते हे मान्य करूनही ते गांभीर्याने पाहिले गेले, हेही मान्य करावे लागते.

३/ किल्विषची भूमिका सुरेंद्र पाल यांनी केली. हेच गृहस्थ ‘महाभारत’ मालिकेत द्रोणाचार्य होते आणि मुकेश खन्ना भीष्म. म्हणजे कौरवांचे दोन सेनापती दहा वर्षांनी एकमेकांसमोर उभे ठाकले. (त्या युद्धात दोघेही एकाच बाजूला होते, याची आठवण तेव्हा कोणी करून दिली नाही.)

४/ किल्विष या संस्कृत शब्दाचा अर्थ पाप. पापाला योजना लागत नाही, हेतू लागत नाही, सवयही लागत नाही. ते केवळ असते. म्हणून किल्विष मुख्यतः गर्जना करतो आणि अंधार कायम राहावा अशी इच्छा व्यक्त करतो. भारनियमनाच्या काळात इंदापूर तालुक्यातील वाड्यावस्त्यांना ही इच्छा निराळी ऐकवण्याची गरज नव्हती. भीतिदायक आवाज म्हणून त्याला शंभर गुण द्यावेत. परंतु खलनायकाचे मोजमाप त्याच्या कृत्यांवरून होते, आणि कृत्ये बहुधा इतरांच्या हातून घडतात.

५/ त्या इतरांतला प्रमुख जॅकल. ललित परिमू यांनी साकारलेला हा विक्षिप्त वैज्ञानिक ‘पॉवर’ हा एकच शब्द मंत्रासारखा उच्चारतो आणि प्रयोगशाळेत विकृती निर्माण करतो. किल्विष मालक आहे, जॅकल कामगार. मालकाजवळ सिंहासन आहे. विद्या कामगाराजवळ आहे.

६/ खरा प्रश्न येथून सुरू होतो. या मालिकेत कोणती विद्या कोणाच्या वाट्याला आली? नायकाचे बळ सात चक्रांतून, पंचमहाभूतांतून आणि एका गुप्त पंथाच्या दीक्षेतून येते. त्याचे लौकिक नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. खलनायकाचे बळ परीक्षानळीतून येते आणि त्याचे नाव डॉक्टर जॅकल. नायकाची वंशावळ पुराणांतली. खलनायकाची मेरी शेलीच्या १८१८ मधील ‘फ्रँकेनस्टाइन’ आणि स्टीव्हन्सनच्या १८८६ मधील डॉ. जेकिल यांच्याकडून आलेली. ज्ञान स्वदेशी आणि प्रयोगशाळा परकी, ही वाटणी एकाही संवादात न सांगता केवळ नामकरणातून केलेली आहे. न सांगितलेली गोष्टच मुलांच्या मनात अधिक खोल रुजते.

७/ तुलनेसाठी १९६६ ते १९६८ मधील अमेरिकी ‘बॅटमॅन’ पाहावी. भडकपणात ती ‘शक्तिमान’ची थोरली बहीण आहे, तिच्यातील जोकर, सीझर रोमेरो, याने मिशा काढण्यास नकार दिला म्हणून पांढरा रंग मिशांवरूनच फासला जाई. तरी त्या मालिकेत यंत्रे आणि रासायनिक पृथक्करण नायकाच्या तळघरात असते. खलनायकांना हिरे हवे असतात आणि टाळ्या हव्या असतात. पोरकटपणा दोन्हीकडे सारखाच; विज्ञान मात्र तेथे रक्षकाच्या हाती, येथे भक्षकाच्या.

८/ आता हीच मालिका ज्या भूमीवर पाहिली जात होती ती पाहा. नीरेकाठच्या पाडेगाव ऊस संशोधन केंद्राने को ८६०३२ हे वाण १९९६ साली, म्हणजे मालिकेच्या आदल्याच वर्षी प्रसारित केले. पुढे या पट्ट्यातले फड त्याच वाणाने भरले आणि त्यावर घरे उभी राहिली. बारामतीजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र होते. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी वसवलेले वालचंदनगर होते. साखरेपासून सुरू झालेल्या या गावातील कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींची कवचे घडत होती. पीएसएलव्हीचे पहिले नियमित उड्डाण २९ सप्टेंबर १९९७ चे. शक्तिमान पडद्यावर अवतरून तेव्हा सोळा दिवस झाले होते.

९/ म्हणजे ज्या तालुक्यात माणसे पाळी संपवून अग्निबाणाच्या कारखान्यातून सायकलवर घरी येत, त्याच तालुक्यातील ओसरीवर विज्ञान म्हणजे खदखदणारे द्रव आणि वेडसर हास्य, असे चित्र आठवडा न चुकता दाखवले जात होते. पाडेगावच्या शास्त्रज्ञाचे नाव त्या मुलांना ठाऊक नव्हते. जॅकलचे होते, आणि आजही आहे.

१०/ आक्षेप ठरलेला आहे: खलनायक विज्ञान नव्हते, विज्ञानाचा दुरुपयोग होता, एखाद्या भागात सज्जन वैज्ञानिकही आला असेल. आला असेलही. त्याचे नाव सांगावे. मराठी वाचकापुढे तोवर जयंत नारळीकरांच्या कथा होत्या. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९ चा. त्या कथांतले वैज्ञानिक चुकतात, भांडतात, चहा पितात, क्वचित हरतात. अशी माणसे लिहिणे शक्य होते, आणि ती लोकप्रियही होत होती. जॅकल अपरिहार्य नव्हता. तो सोयीचा होता.

११/ आणखी एक बाब. शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळी वृत्तपत्रांत आल्या, आणि तसे करू नका असे नायकालाच पडद्यावरून सांगावे लागले. मुलांना सावध करण्याची वेळ प्रयोगशाळेमुळे आली नव्हती, चमत्कारामुळे आली होती. तरीही संशयाने पाहावे असे मालिकेने शिकवले ते प्रयोगशाळेकडेच. ज्याच्या तोंडी हा खोटा आरोप इतक्या यशस्वीपणे वठवला गेला, त्याला पहिला क्रमांक नाकारता येत नाही. परिमूंचा अभिनय उत्तम होता, हा अपराध आणखी वाढवणारा भाग.

१२/ उरलेली क्रमवारी फार वेळ घेत नाही. दुसरा किल्विष, आवाजासाठी. तिसरी शलाका ‘काली बिल्ली’: बॅटमॅनच्या कॅटवुमनची उघड नक्कल, परंतु अश्विनी काळसेकर यांनी तिला स्वतःचा असा एक तोरा दिला, आणि तिला निदान काय हवे आहे हे तिला ठाऊक असते. चौथा कपाला. केकडा मॅन आणि मंडळींना उत्तेजनार्थ.