पोच मिळेपर्यंत

व्यापारी पेढीवर टपालाला फार जुना मान आहे. सकाळची डाक उघडल्याशिवाय मुनीमजी दिवसाच्या कामाची आखणी करीत नसत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि काही वर्षांतच हे टपाल टेलिफोनच्या तारेवरून येऊ लागले. फरक एवढाच, की पोस्टमन दाराशी येत असे; ई-मेल मात्र सेवा देणाऱ्याच्या संगणकात पडून राही आणि पेढीलाच ती आणावयास जावे लागे.

हे जाणे सोपे नव्हते. मोडेम नंबर फिरवी आणि बहुधा एंगेज टोन ऐकू येई. पुन्हा नंबर, पुन्हा तोच टोन. कधीतरी कर्कश शिट्ट्या ऐकू येत, जोडणी जुळे आणि पत्रे एकामागून एक उतरू लागत. आरंभीच्या जोडण्यांचा वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे साधारण एक किलोबाइट असे. चार ओळींच्या पत्राला तेवढा पुरे. पण एखाद्या पुरवठादाराने हौसेने मालाच्या नमुन्याचे एक मेगाबाइटचे छायाचित्र जोडले, की सारे गणित बिघडे. ई-मेलसोबत पाठवताना चित्राचे अक्षरचिन्हांत रूपांतर होते आणि त्याचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. ते एक चित्र उतरण्यास वीस मिनिटे लागत. त्याच्या मागे ‘भाव मान्य, माल भरा’ एवढे एका ओळीचे पत्र ताटकळत असे.

अठराव्या मिनिटाला माडीवर कोणीतरी नकळत रिसीव्हर उचले आणि जोडणी तुटे. पुन्हा जुळवावी, तर टपाल पहिल्या पत्रापासून उतरू लागे. आधी आलेली पत्रे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येत. वैताग तर होताच, परंतु खरा धोका निराळा होता. एकाच मागणीच्या दोन प्रती हाती आल्या, की नवख्या गुमास्त्याला त्या दोन मागण्या वाटण्याचा संभव असे.

या पुनरावृत्तीमागे यंत्राचा दोष नव्हता, नियम होता. पत्रे उतरवून घेण्याच्या पद्धतीस ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’ म्हणतात. पत्र उतरल्यावर ते खोडावे, अशी सूचना ग्राहकाचा संगणक देतो. पण सेवा देणारा संगणक ती लगेच अमलात आणीत नाही. ग्राहकाने रीतसर निरोप घेतल्यावरच मूळ प्रत खोडली जाते. तार मध्येच तुटली, तर काहीच खोडले जात नाही. वही लिहिणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. माल पोहोचल्याची पोच येईपर्यंत आपणही नोंद उघडीच ठेवतो. हा नियम नसता, तर तुटलेल्या तारेबरोबर मागणीचे पत्रही कायमचे गेले असते. तीनदा आलेले पत्र त्रासदायक खरे. न आलेले पत्र त्याहून महाग पडते.

जाणत्यांनी त्यावर उपाय शोधले. ठरावीक आकाराहून मोठी पत्रे वगळण्याची सोय ‘युडोरा’सारख्या प्रोग्राममध्ये होती, ती वापरली, की लहान पत्रे आधी हाती येत. काहींनी टपाल आणण्याची वेळ ठरवून घरात तशी सूचना दिली. मागणीचे पत्र दोनदा आले, तर माल भरण्यापूर्वी फोनवर खात्री करून घेण्याची शिस्तही रुजली.

आज तेच चित्र पापणी लवते न लवते तोच उतरते. तथापि, दुर्बळ जोडणीवर काम करणारा ग्राहक किंवा नातेवाईक आजही कोठेतरी असतोच. जड फाइल पाठविण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे, आणि मोठ्या रकमेची मागणी आली तर पोच अवश्य द्यावी. पाठविणाऱ्याच्या एका क्षणाच्या हौसेचा खर्च घेणाऱ्याच्या खात्यावर पडू नये, एवढाच त्या वीस मिनिटांचा धडा.