गृहव्यवस्था : ओट्याचा जीर्णोद्धार

देवालयाचा जीर्णोद्धार निघाला म्हणजे आपण आधीं पाया पाहतों, मग कळस. स्वयंपाकघरांतील ओट्याच्या बाबतींत मात्र पुष्कळ घरीं याच्या उलट घडतें. दगड निस्तेज दिसूं लागला कीं "फोडून नवा घालूं" असा ठराव दिवाणखान्यांत होतो, आणि चार दिवस धुळींत रांधण्याचा प्रसंग मात्र घरांतील स्त्रियांवर येतो. थोड्या खर्चांत व थोड्या त्रासांत हें काम कसें साधेल, याचा विचार या महिन्यांत करूं.

प्रथम दगड ओळखावा. आपल्याकडील जुन्या ओट्यांस बहुधा कडप्पा किंवा शहाबादी फरशी असते. पहिली आंध्र प्रदेशांतील, दुसरी कर्नाटकांतील. परंतु जातीनें दोन्ही चुनखडकच. चुनखडकाचें आम्लाशीं वैर असतें. लिंबू, चिंच, कोकम यांचा रस सांडून राहिला कीं पांढुरका डाग पडतो. हा डाग म्हणजे मळ नव्हे. तेथें दगडाचा पृष्ठभागच खाल्लेला असतो. म्हणून तो साबणानें जात नाहीं, आणि मोरी धुण्याचें ॲसिड ओतल्यास उलट वाढतो. तेलाचा डाग निराळा. त्यावर खाण्याच्या सोड्याचा दाट लेप रात्रभर ठेवावा व सकाळीं पुसावा; असें दोनतीनदां केल्यास तो पुष्कळ फिका होतो.

दगड हालत नसेल व तडा आरपार गेला नसेल, तर तो फोडण्याचें कारण नाहीं. पॉलिश करणारा कारागीर बोलावून, पाणी सोडीत, आधीं जाड्या व मग बारीक दगडानें पृष्ठभाग घासून घ्यावा. सांध्यांतील जुना चुरा खरडून तेथें इपॉक्सी भरावें. तें पाणी शोषीत नाहीं, व झुरळांची बिळें बुजतात. ओटा पूर्ण वाळल्यावर जवसाच्या कच्च्या तेलाचा अगदीं पातळ हात फिरवून जास्तीचें तेल पुसून टाकावें, म्हणजे काळेपणा परत येतो. रंगाच्या दुकानांतील उकळलेल्या तेलांत धातूंचीं संयुगें घातलेलीं असतात. तें अन्नाच्या जागीं नको. तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यांत भिजवून मगच टाकाव्या.

नवें ग्रॅनाइटच हवें असेल, तर जुन्या फरशीवर तें बसवितां येतें. ओटा १० फूट लांब व २ फूट रुंद असल्यास दगड २० चौरस फूट लागतो. शिवाय कडेची घडाई व सिंकची कापणी यांचे पैसे बहुधा वेगळे पडतात. तें सर्व आधीं लिहून घ्यावें. दगड व त्याखालील मसाला मिळून ओटा इंच-दीड इंच उंच होतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ओटा कोपराच्या चारसहा इंच खालीं असला म्हणजे खांदे दुखत नाहींत. चिकट प्लॅस्टिकचे कागद स्वस्त खरे, पण तापलेल्या पातेल्याखालीं ते वितळतात व खालीं ओल धरते.

आणखी एक गोष्ट. ग्रॅनाइटमध्यें, व त्याहून अधिक कृत्रिम क्वार्ट्झ दगडांत, सिलिका असते. कोरड्या करवतीनें कापतांना तिची सूक्ष्म धूळ कारागिराच्या फुप्फुसांत बसते व सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. ऑस्ट्रेलियानें याच कारणास्तव १ जुलै २०२४ पासून सिलिकायुक्त कृत्रिम दगडावर बंदी घातली. तेव्हां कापणी घराबाहेर, पाणी सोडूनच करवावी. त्यासाठीं एक दिवस अधिक लागला तरी घासाघीस करूं नये. काटकसर आपल्या पैशांत करावी, दुसऱ्याच्या श्वासांत नव्हे.

आणि ठराव करण्यापूर्वीं, जिला त्या ओट्यापाशीं रोज तीन-चार तास उभें राहावें लागतें, तिला तेथें उभें करून उंची मोजावी. सासू ठेंगणी व सून उंच असेल, तर पोळ्या कोण लाटतें हें विचारून मधलें माप धरावें. रंग कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.